जुन्या संगणकावर संचालन प्रणाली बसवणे

जुन्या संगणकावर संचालन प्रणाली बसवणे म्हणजे ज्या संगणकाचे उत्पादन थांबले आहे व ज्याला उत्पादकाचे साहाय्य मिळत नाही, अशा संगणकाच्या चकतीवर किंवा चिपमध्ये त्याची मूळ वा सुसंगत संचालन प्रणाली, अर्थात ऑपरेटिंग सिस्टिम, पुन्हा लिहून तो स्वतंत्रपणे सुरू होईल अशा स्थितीत आणणे होय. संचालन प्रणाली नसलेला संगणक विजेवर चालतो, पडद्यावर एखादा संदेशही दाखवतो. परंतु त्यावर कोणतीही फाइल उघडता येत नाही.

हे काम दोन हेतूंनी केले जाते. पहिला हेतू अध्यापनाचा व जतनाचा असतो, म्हणजे जुने यंत्र चालू स्थितीत ठेवून संगणकाची जडणघडण समजून घेणे. दुसरा हेतू दस्तऐवज परत मिळवण्याचा असतो. महाराष्ट्रात १९८५ ते २००५ या काळात मराठी मजकूर संगणकावर येऊ लागला, तेव्हा तो आजच्या युनिकोड पद्धतीत लिहिला जात नव्हता. त्या काळातील पुष्कळ फाइली त्यांच्या मूळ आज्ञावलीविना वाचता येत नाहीत आणि ती आज्ञावली तिच्या मूळ संचालन प्रणालीविना चालत नाही. त्यामुळे या कामातील पहिला नियम असा की, यंत्रात जुनी चकती असेल तर आधी तिची प्रत काढावी आणि प्रणाली नंतर बसवावी.

मूळ अडचण

संचालन प्रणाली ही स्वतः एक आज्ञावली आहे. चकतीवरील आज्ञावली वाचून स्मृतीत आणण्याचे काम संचालन प्रणाली करते. मग चकतीवरील संचालन प्रणालीला स्मृतीत कोणी आणायचे, असा प्रश्न निर्माण होतो. भारतीय तर्कपरंपरेत अशा परस्परावलंबनाला बीजांकुरन्याय म्हणतात. बीजाशिवाय अंकुर नाही आणि अंकुराशिवाय बीज नाही.

संगणकशास्त्राने यावर काढलेला मार्ग टप्प्याटप्प्याचा आहे. वीज गेल्यावरही न पुसल्या जाणाऱ्या जागेत एक अगदी लहान आज्ञावली कायमची ठेवली जाते. ती आपल्याहून थोडी मोठी आज्ञावली वाचते, ती आणखी मोठी वाचते आणि शेवटी संपूर्ण प्रणाली स्मृतीत येते. या क्रियेस 'बूट होणे' असे म्हणतात. दही लावण्यासाठी जसे थोडेसे विरजण आधी हाताशी असावे लागते, तशी नवी प्रणाली बसवण्यासाठी आधीच चालू होऊ शकणारी एखादी लहान प्रणाली लागते. जुन्या संगणकाच्या बाबतीत नेमके हे विरजण मिळवणे अवघड असते, कारण ते ज्या माध्यमावर मिळत असे ते माध्यम आता बाजारातून गेले आहे.

इतिहास

कागदी पट्टीचा काळ

मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत तयार झालेला टिफ्रॅक हा भारतात अभिकल्पित झालेला पहिला मोठा इलेक्ट्रॉनिक संगणक होय. तो १९६० मध्ये कार्यान्वित झाला व १९६२ मध्ये त्याचे नामकरण झाले. त्याच्या फेराइट गाभ्याच्या स्मृतीत ४० बिटांचे २,०४८ शब्द मावत. अशा यंत्रांना आज्ञावली पुरवण्यासाठी छिद्रे पाडलेली कागदी पट्टी वापरत. आजच्या अर्थाची संचालन प्रणाली त्यांवर नव्हती. प्रत्येक कामासाठी आज्ञावली नव्याने वाचून घेतली जाई.

रॉममधील प्रणाली

१९७० च्या दशकाच्या अखेरीस आलेल्या घरगुती व शालेय संगणकांत प्रणाली कारखान्यातच रॉम चिपमध्ये भरलेली असे. इंग्लंडमधील एकॉर्न कंपनीचा बीबीसी मायक्रो हा १९८१ मध्ये आलेला संगणक भारताच्या दृष्टीने महत्त्वाचा ठरला. केंद्र सरकारने १९८४-८५ मध्ये शालेय संगणक साक्षरतेसाठी 'क्लास' नावाचा प्रकल्प सुरू केला, तेव्हा त्यासाठी याच संगणकाची निवड झाली. मोहाली येथील सेमिकंडक्टर कॉम्प्लेक्स लिमिटेड या सरकारी कंपनीने त्याची 'एससीएल युनिकॉर्न' ही भारतीय आवृत्ती तयार केली. हा संगणक कळ दाबताच क्षणार्धात सुरू होई, कारण त्याला चकतीवरून काही वाचावे लागत नसे.

फ्लॉपीवरील प्रणाली

ऑगस्ट १९८१ मध्ये आयबीएम पीसी बाजारात आला. त्याच्या रॉममध्ये फक्त यंत्राची तपासणी करणारी व चकती वाचू शकणारी मूलभूत आज्ञावली, म्हणजेच बायोस, आणि बेसिक भाषेची एक लहान आवृत्ती होती. मुख्य प्रणाली डॉस ही फ्लॉपीवर वेगळी मिळे. नोव्हेंबर १९८४ मध्ये केंद्र सरकारने संगणक धोरण शिथिल केल्यानंतर भारतात पीसीशी सुसंगत यंत्रांची जुळणी वाढली. एचसीएल, विप्रो, झेनिथ अशा कंपन्यांची यंत्रे कचेऱ्या, बँका व महाविद्यालयांत पोहोचली. यांपैकी विप्रोचा आरंभ १९४५ मध्ये वऱ्हाडाला लागून असलेल्या खानदेशातील अमळनेर येथे वनस्पती तूप बनवणारी कंपनी म्हणून झाला होता. महाराष्ट्रात आज सापडणारे जुने संगणक बहुतांशी डॉसच्या या परंपरेतील असल्यामुळे पुढील विवेचन प्रामुख्याने त्यांच्याविषयी आहे.

महाराष्ट्र व वऱ्हाडातील संदर्भ

वऱ्हाडात कागदावरचा कारभार संगणकावर येण्याचा काळ हाच आहे. अकोल्याचे डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ १९६९ मध्ये स्थापन झाले. अमरावती विद्यापीठ १ मे १९८३ रोजी अस्तित्वात आले व पुढे त्याला संत गाडगेबाबांचे नाव देण्यात आले. म्हणजे या विद्यापीठाची पहिली दशके आणि डॉसच्या प्रसाराचा काळ एकच आहे. राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राने देशातील जिल्हा मुख्यालये उपग्रहाद्वारे जोडण्याचे काम १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात हाती घेतले. भूमी अभिलेखांच्या संगणकीकरणाची केंद्र पुरस्कृत प्रायोगिक योजना १९८८-८९ मध्ये देशातील आठ जिल्ह्यांत सुरू झाली. त्यांत महाराष्ट्रातून अमरावतीच्या शेजारचा वर्धा जिल्हा होता.

जमिनीच्या, परीक्षांच्या किंवा सहकारी संस्थांच्या नोंदी कालांतरानेही लागतात. १ जुलै १९९८ रोजी वाशीम जिल्हा अकोल्यापासून वेगळा झाला, त्यामुळे त्यापूर्वीचा त्या भागातील जिल्हा पातळीवरचा कारभार अकोल्याच्या नावाने आहे. असे बदल झाले की जुनी नोंद कोणत्या कचेरीत शोधायची हाच प्रश्न पडतो. ती नोंद केवळ जुन्या चकतीवर असेल, तर ती कशाने वाचायची हा दुसरा प्रश्न त्यात मिळतो.

डॉस संगणक सुरू होण्याचा क्रम

पीसी प्रकारच्या संगणकात वीज आल्यावर पुढील घटना क्रमाने घडतात.

१. प्रोसेसर रॉममधील एका ठरलेल्या पत्त्यावरून बायोस चालवू लागतो. बायोस स्मृती, कळफलक व चकती-यंत्रे तपासतो.

२. बायोस सहसा आधी फ्लॉपी व ती नसल्यास हार्ड डिस्क पाहतो आणि तिचा ५१२ बाइटांचा पहिला खंड स्मृतीत आणतो.

३. हार्ड डिस्कवर या पहिल्या खंडात ४४६ बाइटांची लहानशी आज्ञावली, चार विभागांची नोंद करणारा ६४ बाइटांचा तक्ता आणि शेवटी ओळखखूण म्हणून दोन बाइट असतात. ही आज्ञावली 'सक्रिय' अशी खूण असलेला विभाग शोधून त्याचा पहिला खंड वाचते.

४. त्या खंडातील आज्ञावली एमएस-डॉसच्या आयओ.सिस व एमएसडॉस.सिस या दोन लपवलेल्या फाइली स्मृतीत आणण्याची व्यवस्था करते.

५. शेवटी कमांड.कॉम ही फाइल चालू होते आणि पडद्यावर आज्ञा देण्याची खूण दिसते.

यातला एक दुवा तुटला तरी संगणक सुरू होत नाही. या फाइलींची नुसती नक्कल चकतीवर टाकून काम का होत नाही, याचे उत्तरही या क्रमात आहे. पहिले खंड हे फाइली नसल्यामुळे नक्कल करण्याच्या आज्ञेने ते लिहिले जात नाहीत. शिवाय जुन्या आवृत्त्यांत पहिल्या दोन फाइली मूळ सूचीत अगदी आरंभी असाव्या लागत. म्हणून डॉसमध्ये 'सिस' ही स्वतंत्र आज्ञा दिलेली आहे.

पूर्वतयारी

वर्षानुवर्षे बंद असलेला संगणक थेट विजेला जोडणे धोक्याचे असते. आधी झाकण उघडून धूळ काढली जाते व विद्युतपुरवठ्यातील फुगलेले किंवा गळलेले धारित्र तपासले जातात. विद्युतपुरवठ्याच्या पेटीत बंद अवस्थेतही काही काळ विद्युतभार टिकून राहू शकतो, त्यामुळे ती उघडण्याचे काम जाणकारावर सोपवावे असे मानले जाते.

मुख्य फलकावरची बॅटरी हा दुसरा महत्त्वाचा भाग आहे. १९८४ च्या आयबीएम एटीपासून चकतीचा प्रकार, तारीख इत्यादी माहिती बॅटरीवर टिकणाऱ्या लहान स्मृतीत ठेवली जाऊ लागली. अनेक फलकांवर ही बॅटरी निकेल-कॅडमियमची असून फलकाला झाळलेली असते. ती कालांतराने गळते व तिच्यातील क्षार तांब्याच्या रेषा खातो. अशी बॅटरी काढून फलक स्वच्छ करणे हे पहिले काम असते.

बॅटरी संपल्यावर संगणक आपल्या हार्ड डिस्कचा प्रकार विसरतो आणि चकती सुस्थितीत असूनही ती नसल्यासारखा वागतो. अशा वेळी सेटअपमध्ये सिलिंडर, वाचकशीर्षे व खंड यांचे आकडे पुन्हा भरावे लागतात. हे आकडे बहुधा चकतीच्या लेबलावर असतात. उदाहरणार्थ, त्या काळी सर्वत्र दिसणाऱ्या २० मेगाबाइटच्या एका चकतीवर ६१५ सिलिंडर, ४ शीर्षे आणि प्रत्येक मार्गिकेवर १७ खंड असत. आकडे भरताच 'मेलेली' समजली गेलेली चकती चालू होण्याचा अनुभव या क्षेत्रात नेहमीचा आहे. म्हणून आकडे तपासण्यापूर्वी चकती कोरी समजून तिच्यावर काही लिहिणे ही गंभीर चूक ठरते.

आधी प्रत, मग प्रणाली

चकतीवर जुने दस्तऐवज असण्याची शक्यता असेल तर संगणक हार्ड डिस्कऐवजी फ्लॉपीवरून सुरू केला जातो. फ्लॉपीवरून सुरू झालेला डॉस हार्ड डिस्कला हात न लावता तिच्यावरील फाइलींची सूची दाखवू शकतो. नंतर संपूर्ण चकतीची खंडशः प्रतिमा दुसऱ्या माध्यमावर उतरवून घेतली जाते आणि पुढील सर्व प्रयोग त्या प्रतीवर केले जातात.

सूची रिकामी दिसली तरी चकती रिकामी असेलच असे नाही. एमएस-डॉस ६.० पासून डबलस्पेस नावाची संक्षेपण सोय मिळू लागली. तिच्या साहाय्याने भरलेली चकती साध्या फ्लॉपीवरून पाहिल्यास तिच्यावर मोजक्याच फाइली दिसतात, कारण खरा मजकूर एका मोठ्या लपवलेल्या फाइलीत असतो. तो पाहण्यासाठी त्या सोयीची चालक फाइल बूट फ्लॉपीवरही असावी लागते. काही मोठ्या चकत्यांच्या पहिल्या खंडात बायोसची मर्यादा ओलांडण्यासाठी खास आज्ञावली बसवलेली असते. तीही फ्लॉपीवरून सुरू केल्यास कार्यान्वित होत नाही व चकती अनोळखी वाटते.

प्रणाली फ्लॉपी तयार करणे

फ्लॉपीचे चार प्रकार पीसीमध्ये रूढ होते. सव्वापाच इंचाची ३६० किलोबाइट व १.२ मेगाबाइट क्षमतेची, आणि साडेतीन इंचाची ७२० किलोबाइट व १.४४ मेगाबाइट क्षमतेची. आजच्या संगणकाला यूएसबीने जोडता येणारी फ्लॉपी-यंत्रे साडेतीन इंचाचीच असतात. त्यामुळे साडेतीन इंची यंत्र असलेल्या जुन्या संगणकाचे काम तुलनेने सोपे असते. १.४४ मेगाबाइटच्या फ्लॉपीवर दोन बाजू, प्रत्येक बाजूस ८० मार्गिका व प्रत्येक मार्गिकेत १८ खंड असतात. तिची पूर्ण प्रतिमा म्हणजे नेमक्या १४,७४,५६० बाइटांची एक फाइल होय. ही प्रतिमा साध्या नकलेने फ्लॉपीवर टाकून चालत नाही. खंडशः लेखन करणाऱ्या आज्ञावलीने ती उतरवावी लागते.

सव्वापाच इंची फ्लॉपीसाठी जुनाच दुसरा संगणक मध्यस्थ म्हणून वापरतात. येथे एक सूक्ष्म अडचण येते. १.२ मेगाबाइटच्या यंत्राचे शीर्ष अरुंद असते. त्याने आधी वापरलेल्या ३६० किलोबाइटच्या फ्लॉपीवर लिहिले, तर जुन्या रुंद मार्गिकेच्या कडा पुसल्या जात नाहीत आणि ३६० किलोबाइटचे यंत्र नवा व जुना मजकूर एकत्र वाचू लागते. म्हणून अशा वेळी चुंबकाने पूर्ण पुसलेली किंवा कोरी फ्लॉपी घेतात.

लेखनबंदीची खूण दोन्ही आकारांत उलट आहे. सव्वापाच इंची फ्लॉपीच्या कडेची खाच चिकटपट्टीने झाकली की लेखन बंद होते. साडेतीन इंची फ्लॉपीची खिडकी उघडी ठेवली की लेखन बंद होते. मूळ प्रणाली फ्लॉपी यंत्रात घालण्यापूर्वी लेखनबंदी करणे आवश्यक मानले जाते.

अन्य मार्ग

फ्लॉपी किंवा तिचे यंत्रच निकामी असल्यास पुढील मार्ग वापरले जातात.

फ्लॉपी अनुकरणक – फ्लॉपी-यंत्राच्या जागी बसणारे व त्याच तारेला जोडले जाणारे हे उपकरण पेनड्राइव्हवरील प्रतिमा वाचते. जुन्या संगणकाला ती खरी फ्लॉपीच वाटते.

स्मृतिकार्ड – आयडीई प्रकारच्या चकतीऐवजी कॉम्पॅक्ट फ्लॅश कार्ड लहानशा जोडफलकावरून लावता येते. कार्डावर डॉस दुसऱ्या संगणकावर बसवून मग ते जुन्या यंत्रात हलवले जाते. मात्र जुन्या बायोसला १,०२४ सिलिंडर, १६ शीर्षे व ६३ खंड यांपलीकडे मोजता येत नाही. यामुळे ५०४ मेगाबाइटपेक्षा मोठ्या कार्डाची उरलेली जागा दिसत नाही.

क्रमिक तार – दोन संगणकांचे क्रमिक पोर्ट एकमेकांना जोडूनही फाइली पाठवता येतात. एमएस-डॉस ६ मधील इंटरसर्व्हर आज्ञावलीत यासाठी चतुर सोय होती. समोरच्या संगणकावर फक्त दोन आज्ञा टंकित करायच्या. पहिलीने पोर्टचा वेग ठरतो आणि दुसरीने तो संगणक कळफलकाऐवजी पोर्टवरून आज्ञा घेऊ लागतो. मग पहिला संगणक आवश्यक त्या फाइली स्वतःच पाठवतो. अर्थात यासाठी समोरच्या संगणकावर कोणता तरी डॉस आधी चालू असावा लागतो.

हार्ड डिस्कवर डॉस बसवणे

कोऱ्या चकतीवर डॉस बसवण्याचा क्रम ठरलेला आहे. फ्लॉपीवरून संगणक सुरू करून 'एफडिस्क' आज्ञेने विभाग पाडला जातो व तो सक्रिय केला जातो. संगणक पुन्हा सुरू केल्यावर 'फॉरमॅट' आज्ञेला प्रणालीदर्शक जोड देऊन विभागाची आखणी होते आणि त्याच वेळी प्रणालीच्या फाइली त्यावर लिहिल्या जातात. नंतर उरलेल्या फाइली एका निर्देशिकेत उतरवून कॉन्फिग.सिस व ऑटोएक्झेक.बॅट या दोन फाइलींत आवश्यक त्या नोंदी केल्या जातात. एमएस-डॉस ६.२२ ही १९९४ ची आवृत्ती साडेतीन इंची तीन फ्लॉपींवर येत असे आणि तिची प्रस्थापना आज्ञावली हे बरेचसे काम आपोआप करी.

आयडीईपूर्वीच्या चकत्यांना याआधी आणखी एका खोल आखणीची गरज असे. तिची आज्ञावली चकतीच्या नियंत्रक कार्डावरील रॉममध्ये असे. आयडीई चकत्यांची अशी आखणी कारखान्यातच झालेली असते व वापरकर्त्याने ती करायची नसते.

चकतीवर मजकूर असून केवळ प्रणाली बिघडली असेल तर 'फॉरमॅट' टाळून 'सिस' आज्ञा वापरतात. ती मजकुराला न लावता फक्त बूट खंड व प्रणालीच्या फाइली बदलते. कमांड.कॉम काही आवृत्त्यांत स्वतंत्रपणे उतरवावी लागते आणि ती प्रणालीच्या इतर फाइलींच्याच आवृत्तीची असावी लागते. भिन्न आवृत्त्यांचे मिश्रण हे अपयशाचे सर्वांत सामान्य कारण आहे.

आवृत्ती निवडताना यंत्राचा काळ लक्षात घेतला जातो. हार्ड डिस्कची सोय डॉस २.० पासून, म्हणजे १९८३ पासून, मिळाली. १.४४ मेगाबाइटची फ्लॉपी १९८७ च्या ३.३ पासून चालते. त्या आवृत्तीपर्यंत एका विभागाची मर्यादा ३२ मेगाबाइट होती. पुढे ती २ गिगाबाइटपर्यंत वाढली.

अपयशाचे संदेश

संगणक कोणत्या टप्प्यावर अडला हे पडद्यावरील संदेशावरून कळते. 'नॉन-सिस्टिम डिस्क' असा संदेश आल्यास बूट खंड वाचला गेला, पण प्रणालीच्या फाइली सापडल्या नाहीत. पुष्कळदा यंत्रात विसरलेली साधी फ्लॉपी हेच कारण असते. 'मिसिंग ऑपरेटिंग सिस्टिम' असा संदेश आल्यास विभागाचा बूट खंड सदोष आहे किंवा सेटअपमधील चकतीचे आकडे चुकले आहेत. 'बॅड ऑर मिसिंग कमांड इंटरप्रिटर' याचा अर्थ शेवटचा टप्पा वगळता सर्व काही ठीक असून कमांड.कॉम गहाळ किंवा वेगळ्या आवृत्तीची आहे.

बूट विषाणू

बूट होण्याच्या याच क्रमाचा फायदा घेणारे विषाणू १९८६ पासून पसरू लागले. ते फाइलींत न राहता चकतीच्या पहिल्या खंडात राहत आणि प्रणालीच्याही आधी स्मृतीत जात. भारतात १९९० मध्ये आढळलेला 'जोशी' विषाणू याच प्रकारचा होता. तो ५ जानेवारी रोजी संगणक अडवून धरी आणि वापरकर्त्याने इंग्रजीत 'हॅपी बर्थडे जोशी' असे टंकित केल्यावरच तो मोकळा करी. पुण्यातील क्विक हीलसारखी भारतीय विषाणूरोधके डॉसच्या याच काळात जन्माला आली.

जुन्या फ्लॉपींवर हे विषाणू आजही जिवंत सापडू शकतात. ते स्मृतीत ठाण मांडून बसत असल्यामुळे संगणकाची वीज पूर्ण बंद करून, लेखनबंदी असलेल्या खात्रीच्या फ्लॉपीवरून तो सुरू करणे हा मूलभूत उपाय आहे. पहिला खंड नव्याने लिहिणारी 'एफडिस्क'ची खास जोड डॉस ५ पासून उपलब्ध आहे. परंतु चकतीवर वर उल्लेखलेली खास आज्ञावली असेल तर या जोडीने चकतीच अनोळखी होऊ शकते. येथेही आधी प्रत काढण्याचा नियम लागू होतो.

रॉम संगणकांची पद्धत

बीबीसी मायक्रो किंवा युनिकॉर्नमध्ये प्रणाली बसवणे म्हणजे चिप बदलणे होय. मूळ प्रणाली व बेसिक भाषा प्रत्येकी १६ किलोबाइटच्या रॉममध्ये असतात. फ्लॉपी वापरायची असल्यास नियंत्रक चिपबरोबर चकती-प्रणालीचे आणखी एक रॉम फलकावरील रिकाम्या खाचेत बसवावे लागते. रॉम खराब झाल्यास त्याची प्रतिमा १६ किलोबाइटच्या ईप्रॉम चिपमध्ये लिहिली जाते. ही चिप तिच्या काचेच्या खिडकीतून अतिनील प्रकाश पाडून पुसता येते. लेखन झाल्यावर खिडकीवर अपारदर्शक पट्टी लावतात, अन्यथा प्रखर उजेडात मजकूर हळूहळू नाहीसा होण्याची शक्यता असते. चिप खाचेत उलटी बसल्यास ती जळते. म्हणून तिच्या टोकावरची अर्धगोल खूण जुळवून पाहणे आवश्यक असते.

देवनागरीचा थर

मराठी दस्तऐवजांच्या बाबतीत डॉस सुरू झाला म्हणजे काम संपले असे होत नाही. डॉसच्या मूळ रूपात देवनागरी अक्षरे नाहीत. कानपूरच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेत विकसित झालेले जिस्ट तंत्रज्ञान पुण्यात १९८८ मध्ये स्थापन झालेल्या प्रगत संगणन विकास केंद्राने, अर्थात सी-डॅकने, पुढे नेले. जिस्ट कार्ड संगणकाच्या फलकावर बसवल्यावर डॉसमधील सामान्य आज्ञावल्यांतही भारतीय लिपी दिसू व टंकित करता येऊ लागल्या. यासाठी वापरलेली इस्की ही संकेतपद्धती १९९१ मध्ये भारतीय मानक म्हणून स्वीकारली गेली. इस्कीत भारतीय लिप्यांतील समान ध्वनींना समान संकेत दिले आहेत. युनिकोडमधील देवनागरीची रचनाही इस्कीच्या १९८८ च्या आराखड्यावर आधारलेली आहे, त्यामुळे इस्कीतील मजकूर युनिकोडमध्ये आणणे तुलनेने सोपे जाते.

नंतर विंडोजवर आलेल्या श्री-लिपी, आकृती यांसारख्या संचांतील फाइलींची स्थिती वेगळी आहे. त्यांत अक्षराचा नव्हे, तर अक्षराच्या आकाराचा संकेत साठवलेला असतो आणि प्रत्येक संचाची मांडणी निराळी असते. योग्य टंक नसेल तर तीच फाइल निरर्थक रोमन चिन्हांसारखी दिसते. काही संचांना समांतर पोर्टात लावायची एक भौतिक किल्लीही लागे. ती हरवल्यास प्रणाली व आज्ञावली दोन्ही असूनही फाइल उघडत नाही. यामुळे जुना संगणक मोडीत काढताना त्याच्या मागे लावलेली लहानशी किल्ली, कार्डे व फ्लॉपी वेगळी जपून ठेवणे हे दस्तऐवज जपण्याइतकेच महत्त्वाचे ठरते.

हवामान व वीज

फ्लॉपीसाठी साधारणतः ५० अंश सेल्सियसपर्यंतचे तापमान सुरक्षित मानले जाते. अकोला व अमरावती येथे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. अशा वेळी टिनाच्या छपराखालील खोलीत किंवा उन्हात उभ्या असलेल्या वाहनात ही मर्यादा सहज ओलांडली जाते. त्यापाठोपाठ येणाऱ्या पावसाळ्यात फ्लॉपीच्या पृष्ठभागावर बुरशी धरते. बुरशी लागलेली फ्लॉपी यंत्रात घातल्यास तिचा मजकूर खरवडला जातो व शीर्षही घाण होते. नंतर त्यात घातलेल्या चांगल्या फ्लॉपीही त्यामुळे खराब होतात. म्हणून फ्लॉपीची चकती आधी उजेडात तपासतात व गरज असल्यास शुद्ध आयसोप्रोपिल अल्कोहोलने हलक्या हाताने पुसतात.

प्रणाली लिहिली जात असताना वीज गेल्यास चकतीवरील सूची अर्धवट राहते आणि ईप्रॉमचे लेखन अपुरे राहते. विजेच्या चढउतारापासून संरक्षण देणारे उपकरण व अखंड वीजपुरवठ्याची सोय या कामासाठी आवश्यक समजली जाते.

परवाने

जुनी झाल्यामुळे आज्ञावलीवरचा स्वामित्वहक्क आपोआप संपत नाही. मायक्रोसॉफ्टने एमएस-डॉसच्या १.२५ व २.० या आवृत्त्यांची मूळ संहिता २०१८ मध्ये आणि ४.० ची २०२४ मध्ये मुक्त परवान्याखाली खुली केली. ६.२२ सारख्या नंतरच्या आवृत्त्या मात्र यात येत नाहीत. ज्यांच्याकडे मूळ परवाना नाही त्यांच्यासाठी फ्रीडॉस हा पर्याय उपलब्ध आहे. हा प्रकल्प १९९४ मध्ये सुरू झाला व त्याची १.० आवृत्ती २००६ मध्ये आली. डॉसच्या बहुतेक आज्ञावल्या त्यावर चालतात.

आभासी यंत्र

मूळ संगणक दुरुस्तीपलीकडे गेला असेल तर त्याच्या चकतीची प्रतिमा आजच्या संगणकावरील आभासी यंत्रात सुरू करता येते. केवळ मजकूर वाचायचा असल्यास हा मार्ग अधिक सुरक्षित असतो, कारण त्यात मूळ चकतीची झीज होत नाही. तथापि जिस्ट कार्ड किंवा भौतिक किल्लीवर अवलंबून असलेल्या आज्ञावल्यांना आभासी यंत्रात ती उपकरणे सापडत नाहीत. अशा फाइलींसाठी मूळ संगणक, त्यातील कार्ड आणि त्यावर पुन्हा बसवलेली मूळ संचालन प्रणाली यांची गरज कायम राहते.